गाठीतील प्राणवायू : स्वादुपिंडाचा कर्करोग आणि किरणोपचार



स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने वैद्यकातील विषय घ्यावा, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु शास्त्रातील अवघड गोष्ट घरच्या भाषेत सांगता आली पाहिजे, ही शिकवण अशाच शाळांनी आम्हा लोकांना दिली. शिवाय हा रोग आता गोव्यात कोणाला परका राहिलेला नाही. १७ मार्च २०१९ रोजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर ह्यांचे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. त्यापूर्वी जेमतेम दीड महिना, ३० जानेवारी रोजी, नाकात नळी असतानाच त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला होता. ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले. देशातील आणि परदेशातील उत्तम रुग्णालये ज्याला उपलब्ध होती अशा माणसालाही हा रोग का सोडत नाही, हा प्रश्न त्या दिवसांत घरोघरी विचारला गेला. त्याचे संपूर्ण उत्तर कोणाजवळच नाही. त्या उत्तराचा एक महत्त्वाचा तुकडा मात्र एका साध्या शब्दात सामावलेला आहे. तो शब्द म्हणजे प्राणवायू.

रोग आणि त्याचे स्थान

स्वादुपिंड हा जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा पसरलेला सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा अवयव आहे. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले असते. ग्रीक भाषेतील ‘पॅन्क्रियास’ ह्या शब्दाचा अर्थ ‘सर्व मांसच’ असा होतो. हिंदीत त्याला ‘अग्न्याशय’ म्हणतात. मराठीने ‘स्वादु’ आणि ‘पिंड’ असे दोन शब्द जोडून घेतले. नाव गोड असले तरी काम दुहेरी आणि कष्टाचे आहे : अन्न पचवणारे पाचकरस आतड्यात सोडणे आणि साखरेचे नियमन करणारे इन्सुलिन रक्तात सोडणे.

ह्या अवयवाचा कर्करोग बहुतेक वेळा पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या अस्तरात सुरू होतो. अवयव खोल असल्यामुळे गाठ हाताला लागत नाही, दुखणे उशिरा सुरू होते आणि कावीळ दिसू लागेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो. निदानाच्या वेळी शस्त्रक्रियेने गाठ काढता येईल असे रुग्ण पाचांत एखादाच असतो. अमेरिकेतील अलीकडच्या आकडेवारीनुसार निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे.

जिथे शस्त्रक्रिया शक्य नाही तिथे औषधे आणि किरणोपचार उरतात. पण किरणांचा अनुभव ह्या रोगात निराशाजनक ठरला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लॅप-०७’ ह्या युरोपातील मोठ्या चाचणीत, ज्यांचा रोग स्वादुपिंडापुरता मर्यादित होता पण ज्यांची गाठ काढता येत नव्हती अशा रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला केवळ औषधे चालू ठेवली, दुसऱ्याला औषधांबरोबर किरणोपचारही दिले. किरणोपचार घेतलेल्यांत गाठ जागच्या जागी वाढण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. पण आयुष्य वाढले नाही. मध्यम आयुर्मान एका गटात १६.५ महिने, तर किरण घेतलेल्या गटात १५.२ महिने भरले.

घशाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात जे किरण रोग मुळासकट नाहीसा करू शकतात, ते इथे दुबळे का पडतात? मात्रा वाढवावी म्हटले तर शेजारी जठर आणि आतडे आहे. त्यांना जखमा होतात. रोग दूरवर पसरण्याची खोडही मोठी आहे. ह्या दोन कारणांच्या जोडीला तिसरे कारण आहे ते गाठीच्या आतल्या हवापाण्याचे.

किरण पेशीला मारतात म्हणजे काय?

क्ष-किरण पेशीला जाळून टाकतात अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात घडते ते फार सूक्ष्म आहे. किरणांच्या आघाताने अणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. पेशीत पाणीच अधिक असल्यामुळे पाण्याचे रेणू फुटतात आणि अत्यंत चंचल असे तुकडे तयार होतात. शास्त्रज्ञ त्यांना मुक्त मूलक म्हणतात. हे तुकडे पेशीच्या केंद्रातील डीएनएच्या लांबलचक साखळीवर आदळतात आणि तिच्या कड्या सैल करतात. डीएनए म्हणजे पेशीची वंशावळ आणि कामाची वही. ती दोन्ही बाजूंनी फाटली तर पेशीला पुढे विभागता येत नाही आणि ती मरते.

पण कडी सैल होणे आणि कायमची तुटणे ह्यांत एक क्षण असतो. त्या क्षणी जवळ प्राणवायू असेल तर तो त्या जखमेशी संयोग पावतो आणि जखम पक्की करून टाकतो. प्राणवायू नसेल तर पेशीतील गंधकयुक्त रेणू हायड्रोजनचा एक अणू देऊन ती कडी पुन्हा पूर्ववत करतात. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या काही सहस्रांश भागात आटोपतो. म्हणून किरण पडतात त्याच क्षणी प्राणवायू जागेवर हजर असावा लागतो. तासाभराने येऊन त्याचा उपयोग नाही.

ह्याचा हिशेब प्रयोगांनी मांडलेला आहे. प्राणवायूने भरलेल्या पेशी मारण्यास जेवढी किरणमात्रा लागते, तिच्या अडीच ते तीनपट मात्रा प्राणवायूविना असलेल्या पेशींना लागते. पूर्ण परिणामासाठी प्राणवायू फार लागतो असेही नाही. धमनीतील रक्तात त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर असतो. पेशीच्या आसपास २० ते ३० मिलिमीटर असला तरी पुरतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास उतरला की किरणांना मिळणारी ही मदत निम्म्यावर येते.

एका शोधाची वाटचाल

राँटगेन ह्यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. त्यानंतर चौदाच वर्षांनी, १९०९ साली, व्हिएन्नातील गॉटवाल्ड श्वार्त्स ह्यांच्या ध्यानात आले की, किरण देताना त्वचा दाबून धरली आणि तिथला रक्तप्रवाह अडवला तर त्वचेवर किरणांचा परिणाम कमी होतो. निरीक्षण अचूक होते. त्याचा संपूर्ण अर्थ उलगडण्यास मात्र चार दशके जावी लागली.

तो अर्थ लावणाऱ्यांत इंग्लंडमधील लुई हॅरल्ड ग्रे ह्यांचे नाव अग्रभागी आहे. १९५३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, किरण देतेवेळी ऊतकात विरघळलेला प्राणवायू किती आहे ह्यावर उपचाराचे यश अवलंबून असते, असे प्रतिपादन केले. १९५५ साली टॉमलिन्सन आणि ग्रे ह्यांनी माणसाच्या फुप्फुसातील कर्करोगाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. कर्कपेशी दोरीसारख्या जुडग्यांत वाढल्या होत्या आणि रक्तवाहिन्या त्या दोऱ्यांच्या बाहेर होत्या. दोरीची त्रिज्या मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शापेक्षा कमी असेल तर तिच्यात मृत पेशी आढळत नव्हत्या. पाचव्या हिश्शापलीकडे गेली की मध्यभाग मेलेला असे. म्हणजे रक्तवाहिनीतून निघालेला प्राणवायू तेवढेच अंतर चालून जात होता आणि वाटेतच संपत होता. जिवंत आणि मृत ह्यांच्या सीमेवर अर्धपोटी जगणाऱ्या पेशींचा एक थर होता. किरणांना दाद न देणाऱ्या पेशी त्या ह्याच. किरणमात्रेच्या आंतरराष्ट्रीय एककाला १९७५ साली ‘ग्रे’ हे नाव देण्यात आले. डॉक्टर ‘इतके ग्रे द्यायचे आहेत’ म्हणतात तेव्हा ते नकळत ह्या शास्त्रज्ञाचेच स्मरण करीत असतात.

आपल्या परिसरातील उदाहरण घ्यायचे तर कुळागराचे घेता येईल. झऱ्याचे पाणी पाटाने आत येते. पाटाच्या काठच्या माडा-पोफळींना ते भरपूर मिळते. त्यांची तहान भागून उरेल ते पुढच्या रांगेला. पाट अरुंद असेल आणि झाडे दाट लावलेली असतील, तर शेवटच्या रांगेपर्यंत ओलावा पोचतच नाही. झरा आटलेला नसतानाही ती रांग सुकते. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असे आपण म्हणतो. इथे आड भरलेला आहे, पोहरा मात्र कोरडाच वर येतो.

किरणोपचार एका बैठकीत न देता अनेक आठवडे, दररोज थोडाथोडा देण्यामागे जी कारणे आहेत त्यांतील एक इथे स्पष्ट होते. पहिल्या काही मात्रांनी पाटाजवळच्या पेशी मरतात. त्यांचा वाटा मागच्यांना मिळतो. पुढच्या मात्रेच्या वेळी त्या मागच्या पेशी किरणांच्या तडाख्यात येतात. पुष्कळशा कर्करोगांत निसर्गच हे साहाय्य करतो.

स्वादुपिंडाच्या गाठीत टंचाई इतकी का?

स्वादुपिंडात हे साहाय्य पुरे पडत नाही. २००० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील वैद्यांनी सात रुग्णांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीत बारीक सुई घालून प्राणवायूचा दाब प्रत्यक्ष मोजला. शेजारच्या निरोगी स्वादुपिंडात तो २४ ते ९३ मिलिमीटरच्या दरम्यान होता. गाठीत तो शून्य ते ५.३ मिलिमीटर एवढाच भरला. रुग्ण सातच असले तरी अंतर इतके मोठे होते की शंकेला जागा उरली नाही.

ह्याचे कारण गाठीच्या घडणीत आहे. स्वादुपिंडाच्या गाठीत खुद्द कर्कपेशींचा वाटा पुष्कळदा लहान असतो. उरलेला मोठा भाग तंतूंच्या दाट, टणक विणीचा असतो. जखम भरताना व्रण घट्ट होतो तशीच ही वीण, पण जखम कधी भरतच नाही आणि वीण वाढतच राहते. तिच्यात हायलुरोनन नावाचा, पाणी धरून ठेवणारा पदार्थ साचतो. सांध्यांतील वंगणात असतो तोच हा. तो फुगतो, आतला दाब वाढतो आणि केशवाहिन्या चेपल्या जातात. पाट अरुंद तर असतोच, पण वरून दरडही कोसळलेली असते.

टंचाईत जगणाऱ्या पेशी मवाळ होत नाहीत, उलट अधिक चिवट होतात. प्राणवायू कमी झाल्याचे पेशीला कसे कळते ह्याचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा ह्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. टंचाई जाणवताच पेशीत एक प्रथिन साठू लागते आणि शेकडो जनुकांना जागे करते : साखर प्राणवायूविना जाळा, नव्या रक्तवाहिन्या मागवा, जमल्यास स्थलांतर करा. दुष्काळाने माणसे गाव सोडतात, कर्कपेशीही सोडतात. गाठीला प्राणवायू मिळाला तर ती अधिक माजेल, ही अनेकांना वाटणारी भीती म्हणूनच बरोबर नाही.

आजवरचे उपाय

पहिला उपाय सहज सुचणारा : झऱ्याचे पाणी वाढवणे. १९५५ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन ह्यांनी रुग्णाला हवेच्या वाढीव दाबाच्या बंद टाकीत ठेवून, प्राणवायू हुंगवीत किरण दिले. डोके आणि मानेच्या काही कर्करोगांत लाभ दिसला. पण पद्धत अवजड आणि जोखमीची असल्याने रूढ झाली नाही. साध्या नळीने प्राणवायू हुंगून फारसे साधत नाही, कारण निरोगी फुप्फुसे असलेल्या माणसाच्या रक्तातील हीमोग्लोबिन आधीच जवळजवळ संपूर्ण भरलेले असते. रक्त वाढवण्याचा प्रयत्नही उलटला. डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना रक्त वाढवणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक दिले असता, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हीमोग्लोबिन वाढले, पण रोग अधिक लवकर उलटला.

दुसरा उपाय पाटाची वाट मोकळी करण्याचा. उंदरांवरील प्रयोगांत हा फार यशस्वी ठरला. २००९ साली तंतूंची वीण विरळ करणारे एक औषध आणि २०१२ साली हायलुरोनन विरघळवणारे एक विकर देऊन उंदरांच्या स्वादुपिंडातील गाठीत रक्तवाहिन्या खुल्या झाल्या आणि औषध आत पोचले. माणसांवर मात्र पहिल्या प्रकारच्या औषधाची चाचणी २०१२ साली थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा लवकर खालावत होती. दुसऱ्याच्या मोठ्या चाचणीतही आयुष्य वाढले नाही, हे २०१९ साली जाहीर झाले. २०१४ सालच्या प्रयोगांनी ह्याचे एक कारण सुचवले : तीच वीण कर्कपेशींना काही अंशी बांधूनही ठेवत असते. दरड उपसताना बांधही फुटला, असे म्हणता येईल. ह्या चाचण्या किरणांच्या नव्हे, औषधांच्या जोडीने झाल्या होत्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण इशारा दोन्हींना सारखाच लागू आहे.

ह्यातूनच वीण तोडण्याऐवजी ती सैल करण्याचा विचार पुढे आला. रक्तदाबावरील लोसार्टन हे जुने औषध तंतूंची निर्मिती मंदावते आणि चेपलेल्या वाहिन्या सुटतात, असे उंदरांत दिसले होते. बोस्टनमधील वैद्यांनी गाठ काढता न येणाऱ्या ४९ रुग्णांना कर्करोगाच्या औषधांबरोबर लोसार्टन आणि त्यानंतर किरणोपचार दिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार निम्म्याहून अधिक रुग्णांची गाठ पुढे पूर्णपणे काढता आली. निकाल आशादायक होता. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे त्यातील लोसार्टनचा वाटा किती, हे मात्र त्या चाचणीवरून सांगता येत नाही.

तिसरा उपाय मला सर्वांत मार्मिक वाटतो : पहिल्या रांगेची तहान कमी करणे. वाहिनीलगतच्या पेशींनी प्राणवायू कमी खर्च केला, तर तोच पुरवठा पुढे मागच्या रांगेपर्यंत पोचेल. हिवतापावरील ॲटोव्हाक्वोन हे औषध पेशींतील श्वसनयंत्रणा मंद करते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ साली ते उंदरांत दाखवून दिले आणि २०२१ साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत ह्या औषधाने गाठीतील टंचाईचा भाग घटतो असे प्रसिद्ध केले. टंचाई घटणे ही पहिली पायरी आहे. त्यामुळे आयुष्य वाढते हे सिद्ध करणे ही पुढची.

चौथा उपाय बदलीचा. प्राणवायू पोचत नसेल तर त्याचे काम करणारा रेणू पाठवावा. आव पडल्यावर दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलच्या कुळातील औषधे हे काम करतात. त्यांतील मिसोनिडॅझोलने मज्जातंतूंना इजा होई. निमोरॅझोल सौम्य निघाले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीत घशाच्या कर्करोगावर किरणांबरोबर ते दिले असता रोग जागच्या जागी आटोक्यात राहण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेले. नंतरच्या काही चाचण्यांत तसा लाभ दिसला नाही. टंचाईतच जागे होणारे इव्होफॉस्फामाइड नावाचे विष स्वादुपिंडाच्या कर्करोगात औषधांच्या जोडीने वापरून पाहिले. तेही २०१५ साली थोडक्यात अपयशी ठरले.

ह्यांखेरीज प्राणवायूने भरलेले सूक्ष्म बुडबुडे रक्तातून पाठवून ध्वनिलहरींनी ते गाठीतच फोडण्याचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत. जपानमध्ये कार्बनचे जड कण वापरतात. त्यांचा घाव इतका दाट असतो की त्यांना प्राणवायूच्या मदतीची गरज कमी भासते.

ह्यातून आपण काय घ्यावे?

अपयशांची ही यादी वाचून कोणी खिन्न होईल. मला मात्र तिच्यात एक शिस्त दिसते. उंदरात यशस्वी झालेली गोष्ट माणसात अयशस्वी झाली, तर ती लपवली गेली नाही. प्रसिद्ध केली गेली, आणि पुढच्याने तिथूनच सुरुवात केली. आता विचार असा दिसतो की, प्रत्येकाच्या गाठीत टंचाई सारखी नसते. ती चित्रांद्वारे आधी मोजावी आणि जिच्यात ती आहे त्याच रुग्णाला तो उपाय द्यावा. सरसकट सर्वांना दिलेल्या औषधाचा थोड्यांना झालेला लाभ सरासरीत बुडून जातो.

घरात असा रुग्ण असलेल्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगणे अगत्याचे वाटते. ‘शरीरात प्राणवायू वाढवा, कर्करोग पळवा’ अशा जाहिराती आढळतात. वर सांगितलेला सर्व इतिहास त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो : अडचण रक्तातील प्राणवायूची नसून शेवटच्या मिलिमीटरच्या अंशाची आहे, आणि तो अंश पैसे मोजून ओलांडता येत नाही. लोसार्टन किंवा हिवतापाचे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. संशोधनातील आशा म्हणजे उपचार नव्हे. धूम्रपान करणाऱ्याने मात्र ते आजच थांबवावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हीमोग्लोबिनची जागा अडवतो. किरणोपचार चालू असताना विडी-सिगारेट ओढणाऱ्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांत उपचाराचा गुण कमी येतो, हे १९९३ सालीच दिसून आले आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ज्ञात कारणांतही धूम्रपान आहेच.

आणि डॉक्टरांना विचारावे. किरणांचा हेतू रोग बरा करण्याचा आहे, गाठ लहान करून शस्त्रक्रियेस आणण्याचा आहे की वेदना कमी करण्याचा, हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. वेदना कमी होणे हाही लाभच होय; त्याला कमी लेखू नये.

‘प्राणवायू’ हा शब्द आपण इतका सवयीने वापरतो की, त्यातील ‘प्राण’ कोणाचा, असा प्रश्न मनात येत नाही. तोच वायू रुग्णाच्या पेशीला जगवतो आणि योग्य क्षणी योग्य जागी असेल तर कर्कपेशीचा अंतही घडवतो. तो ‘योग्य क्षण’ आणि ती ‘योग्य जागा’ साधण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे माणसे खपत आहेत. ह्या शाळेतून बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्या त्यांच्यात सामील झाली, तर व्याख्यानमालेचे चीज झाले असे मी समजेन.